नव्वद टक्के पूर्ण

सुखी संसाराला परस्परांवर प्रेम लागते, हे खरेच. पण थॉर्लबी व पंचक्रोशी लघु-वाफइंजिन संस्थेचा अनुभव असा, की प्रेमाइतकीच परसातल्या कोबीपलीकडे एक लाकडी शेडही लागते. शेडमध्ये नवरा असावा, घरात बायको असावी आणि दोघांच्या मध्ये पाऊस पडत असावा. (उत्तर इंग्लंडात तो वेगळा मागवावा लागत नाही.) या तत्त्वावर आमचे चाळीसेक सभासद गुण्यागोविंदाने नांदत आहेत. मी संस्थेचा चिटणीस असल्याने हे अधिकाराने सांगतो.

संस्थेचे उद्दिष्ट आगगाडीचे छोटे इंजिन घरच्या घरी बनवणे हे आहे. इंजिन गुडघ्याइतके, पण खेळणे नव्हे. खरा कोळसा, खरे पाणी, खरी वाफ. ते पूर्ण झाले, तर मागे पाच माणसे बसवून ओढू शकते. ‘झाले, तर’ हे शब्द मी जपून वापरले आहेत. स्थापनेपासून आमच्याकडे दोनच इंजिने पूर्ण होऊन तशीच राहिली. ती करणाऱ्यांपैकी एक जण त्याच वर्षी वारला, दुसरा गोल्फ खेळू लागला. (दोघांच्या तसबिरी एकाच भिंतीवर आहेत.)

बाकीची इंजिने वारशाने चालतात. सभासद गेला, की दोघांचे शिष्टमंडळ फ्रूट केक घेऊन त्याच्या बायकोच्या सांत्वनाला जाते. एक जण बाईंचा हात हातात घेतो, दुसरा शेडमध्ये जाऊन त्याचे लेथ यंत्र बघतो. (दुसऱ्या जागेसाठी मतदान घ्यावे लागते.) मग अर्धवट इंजिन कोणीतरी विकत घेतो. असे प्रत्येक इंजिन ‘नव्वद टक्के पूर्ण’ असते. घेणारा पहिली दहा-बारा वर्षे ते सत्तर टक्क्यांवर आणण्यात घालवतो, कारण आधीच्याने केलेले काम कोणत्याही स्वाभिमानी माणसाला बघवत नाही. तो सगळे खोलतो, कानस मारतो, पुन्हा जुळवत आणतो आणि नव्वदच्या आसपास पोचला, की बिचारा जातो. मग पुन्हा केक.

ही सुरळीत चाललेली व्यवस्था क्लिफर्ड ऑगडेन या निवृत्त गणिताच्या मास्तराने मोडली. त्याचे इंजिन तीन दिवंगत सभासदांच्या हातून आलेले, म्हणजे घराणे उत्तम. असे असता, मार्चच्या सभेत चहा चालू असताना तो उठून म्हणाला, “मंडळी, माझं इंजिन पूर्ण झालं.”

“पूर्ण म्हणजे नव्वद ना?” आमचा बॉयलर-तपासनीस विल्फ्रेड बॅर्स्टोने धीर एकवटून विचारले.

“शंभर,” क्लिफर्ड म्हणाला. कोणीतरी सवयीने केक आणायला उठले.

असे झाले कसे? कारण साधे होते. क्लिफर्डच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधीच्या तिघांच्या चुका त्याला दिसल्याच नाहीत, त्यामुळे काही खोलण्याचा प्रश्नच आला नाही. राहिलेले काम त्याने चाचपडत करून टाकले. असल्या निष्काळजीपणानेच इंजिने पुरी होतात.

विल्फ्रेडने नियमाप्रमाणे बॉयलरमध्ये दुप्पट दाबाने पाणी भरले आणि एखादा तरी थेंब गळावा म्हणून देवाचा धावा करीत बॅटरी घेऊन बसला. बॉयलर निर्दयपणे कोरडा राहिला.

रविवारी संस्थेच्या रुळांवर इंजिन धावले. मागे क्लिफर्डची बायको म्युरिएल ठेवणीतली हॅट घालून बसली होती. शिट्टी वाजली तेव्हा तिने डोळे पुसले. (कोळशाचा कण गेल्याची नोंद इतिवृत्तात आहे.)

“छान झालं हो, क्लिफर्ड. अगदी छान,” उतरल्यावर ती म्हणाली. “आता काय करणार?”

“आता काय! आता मी घरीच,” क्लिफर्ड आनंदाने म्हणाला.

तिचा चेहरा मी पाहिला. बॉयलर कोरडा राहिला तेव्हा विल्फ्रेडचा झाला होता, तसा झाला होता.

आठवडा उलटायच्या आत ती माझ्या दारात उभी.

“चिटणीससाहेब, याला परत घ्या.”

“बाई, तो सभासद आहेच की.”

“शेडमध्ये परत घ्या हो! भांडी घासायला लागले की हा मागे उभा. म्हणे, म्युरिएल, आधी कप घ्यावेत, मग बश्या. बहिणीशी फोनवर बोलावं तर मधेच माझी वाक्यं सुधारतो. प्रेम आहे हो माझं त्याच्यावर, पण सकाळी दहा वाजता नाही!” आणि ती खरोखर रडू लागली. “मी बहिणीकडे निघून जाईन. सांगून ठेवते.”

कार्यकारिणी तातडीने बसली. त्याला दुसरे इंजिन द्यावे अशी सूचना आली, पण तेही तो न बघता पुरे करील, या भीतीने ती फेटाळली गेली. इंजिनाचा एखादा महत्त्वाचा भाग चोरावा, ही सूचना एका मताने पडली. (ते मत माझे.) शेवटी विल्फ्रेड म्हणाला, “अरे, त्याचे डोळे नीट करा.”

डोळ्यांसाठी म्युरिएल त्याच्या मागे कधीची लागली होती. तो म्हणे, इंजिन झाल्यावर बघू. आता ती सबब उरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली. पट्ट्या निघाल्या त्या दिवशी म्युरिएलने त्याला कोपराला धरून घरात न नेता थेट शेडमध्ये नेऊन सोडले. मग ती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात कान देऊन उभे राहिलो. (मी केक नेला होता. सवय.)

म्युरिएलने माझी बाही घट्ट धरली होती.

मग कोबीपलीकडून आरोळी आली, “हा रिव्हेट कुठल्या गाढवाने ठोकलाय?”

थोड्या वेळाने, “अरे देवा! सगळी रांगच वाकडी!”

आणि पाठोपाठ पान्याचा आवाज सुरू झाला. म्युरिएलने एक लांब श्वास सोडला, नळ सुरू केला आणि आधी बश्या धुवायला घेतल्या.

इंजिन सध्या अडुसष्ट टक्क्यांवर आहे. दोघांची प्रकृती उत्तम आहे.

तुम्ही हसत असाल. हसा. पण हे पुस्तक तुम्हाला हौसेने कोणी आणून दिले, चष्मा सापडत नव्हता तो एवढ्या तत्परतेने कोणी शोधून दिला, आणि तुम्ही वाचायला बसल्यापासून आतल्या खोलीत इतके निवांत का आहे, हेही जमल्यास बघा. नको, उठू नका. तिकडे कोणीतरी सुखात आहे.