वारुळाच्या लढाईतली चाळीस अस्वलं

एका जंगलात, मुलांनो, एक खवले मांजर राहत होतं. जंगल कोणतं ते विचारू नका. मी दोन ठिकाणी वाचलं आणि दोन्ही ठिकाणी वेगवेगळं लिहिलं होतं. खवले मांजराच्या अंगावर खवले असतात, एवढं नक्की. मांजराशी त्याचा काही संबंध नसतो.

त्याचं नाव आबा. आबा फार शिकलेले होते. ऐनाच्या एका जुन्या झाडावर पूर्वजांनी नखांनी कोरलेले लेख होते. त्या ओरखड्यांचा आबांनी अठरा वर्षं अभ्यास केला होता. इतकं शिकल्यामुळे त्यांना कशाचीच खात्री उरली नव्हती. शंका आली की ते अंगाची गुंडाळी करून बसत. शंका रोज येई.

आबांची नात तगर. वय सातवीतलं. तिच्या आईने तिला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं होतं. शाळेत इतिहास टिटवीबाई शिकवायच्या. इतिहास म्हणजे कोणतं झाड कोणत्या वर्षी पडलं याची यादी. यादी पाठ झाली नाही तर दिवसभर एका पायावर उभं राहायचं. टिटवीबाईंना त्यात काही विशेष वाटत नसे.

पण जंगलात एक नियम होता. घरी शिकणाऱ्या मुलांनी वर्षातून एकदा परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. पास झालं तर घरी राहायचं, नापास झालं तर परत शाळेत. तगरला शाळेत अजिबात जायचं नव्हतं. बाकीचे विषय तिला येत होते. धास्ती होती ती इतिहासाची, आणि इतिहास होता आबांकडे.

आबांनी वारुळांचा करार शिकवायला घेतला. त्या जंगलात चांदण्या पंधरवड्यात वारुळं अस्वलांनी फोडायची आणि अंधाऱ्या पंधरवड्यात खवले मांजरांनी, अशी जुनी रीत आहे. ती ठरली कशी? एका उन्हाळ्यात दोन्हीकडची म्हातारी मंडळी टेकडीवर एकोणीस दिवस बसली, बोलली आणि ठरवून उठली. कुणी कुणाला बोचकारलंसुद्धा नाही. आबांनी हे सांगितलं. शिवाय एकोणीस हा आकडा वादग्रस्त आहे, तो सतराही असू शकतो, हेही सांगितलं.

तगर झोपली.

"आबा," तिची आई म्हणाली, "तुम्ही सांगता ते खरंच असणार. पण परीक्षेला महिना राहिलाय. जरा गोष्टीसारखं सांगा ना."

आबा दोन दिवस गुंडाळी करून बसले. तिसऱ्या दिवशी उलगडले आणि हळूच म्हणाले, "टेकडीवर लढाई झाली."

तगरने मान वर केली.

पुढे ते आबांच्या हातात राहिलं नाही. आधी एकच अस्वल होतं. एकच का, असं तगरने विचारलं, म्हणून सात झाली. आठवड्याभरात चाळीस झाली. मग खवलाई नावाची एक पूर्वज आली. तिने टेकडीवरून गुंडाळी करून स्वतःला सोडून दिलं आणि लगोरी फुटावी तशी अस्वलं पडली. तगरने टेकडीचा नकाशा काढला. चाळीसही अस्वलांना नावं दिली आणि ती पाठ केली. खवलाई होऊन घरभर गडगडताना मुंग्यांची बरणी फोडली. इतिहासामुळे झालेलं नुकसान तिची आई पहिल्यांदाच हसत आवरत होती.

परीक्षा झाली की खरं काय ते सांगून टाकू, असं आबा रोज ठरवत.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक घरी आल्या. त्यांचं नाव मधुमालतीबाई. त्या अस्वल होत्या. हे कुणी आधी कळवलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, वारुळांचे पंधरवडे कसे ठरले? तगरने बाईंकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. आबांची गुंडाळी झाली होती. मग तिने सगळी लढाई सांगितली. शेवटची दोन अस्वलं तिने जरा सभ्यपणे पाडली.

बाईंनी नखांवर काहीतरी मोजलं.

"आमच्या घरी अठ्ठावन्न खवले मांजरं सांगतात," त्या म्हणाल्या. "आमच्या खापरपणजीने एका पंजाने उडवलेली. पण टेकडी बरोबर सांगितलीस, उन्हाळाही बरोबर." आणि त्यांनी पैकीच्या पैकी गुण लिहिले.

मुलांनो, गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आबांची अठरा वर्षं आडवी आली. ते उलगडले.

"बाई, लढाई झालीच नाही," ते म्हणाले. "ती मी केली. मुलगी झोपत होती हो."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "मग आमच्या खापरपणजीने काय केलं?"

"त्या बसल्या होत्या."

"नुसत्या?"

"बोलतही होत्या. ओरखड्यांवरून वाटतं, बरं बोलत असाव्यात."

असा अपमान बाईंच्या घराण्याचा आजवर कुणी केला नव्हता. त्या काही बोलणार, तेवढ्यात तगर पुढे आली. ती आबांवर रागावली असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

"आबा, भांडण वारुळांचं होतं ना?" ती म्हणाली. "म्हणजे ठरेपर्यंत वारूळ कुणी फोडायचं नाही. मग एकोणीस दिवस ती सगळी खात काय होती?"

अठरा वर्षांत हा प्रश्न आबांना पडला नव्हता.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "झाडाच्या बुंध्याशी काही ओरखडे आहेत. त्यांचा अर्थ मला कधी लागला नाही."

"मग उद्या बघू या की."

खापरपणजी उपाशी राहणाऱ्यातली नव्हती, असं मधुमालतीबाईही बोलून गेल्या. मग आपण परीक्षक आहोत हे त्यांना आठवलं. त्यांनी गुण खोडले आणि शेरा लिहिला: विद्यार्थिनीने सांगितलेली लढाई उत्तम. परंतु परीक्षेत प्रश्न परीक्षकांनी विचारायचे असतात. येथे विद्यार्थिनीने विचारला आणि शिक्षकांना उत्तर आले नाही. सबब दोघांनाही शाळेत पाठवावे.

सोमवारपासून तगर आणि आबा टिटवीबाईंच्या वर्गात एकाच रांगेत बसू लागले. त्या वर्षी अभ्यासात वारुळाच्या लढाईचा नवा धडा आला. दोन्हीकडच्या भावना सांभाळून त्यात एकोणपन्नास अस्वलं आणि एकोणपन्नास खवले मांजरं पाडली होती.

शाळा सुटली की दोघं ऐनाखाली जात. पावसाळ्यापर्यंत त्यांना एकच शब्द लागला. तो 'मध' असावा, असं आबांना वाटलं. म्हणजे अस्वलांनी पाहुण्यांना तो वाढला असेल, असं तगर म्हणाली. मधुमालतीबाई त्या आठवड्यात तिथून तीनदा गेल्या. तिन्ही वेळा रस्ता चुकला म्हणाल्या, आणि तिन्ही वेळा शब्द वाचून गेल्या.

तात्पर्य: इतिहास नेहमी रंगवून सांगावा, म्हणजे मुलं पास होतात आणि मोठ्यांचं घराणं शाबूत राहतं. खरा इतिहास सांगितल्याने मुलांना प्रश्न पडतात. तेव्हा तो सांगायचाच झाला, तर शाळा सुटल्यावर सांगावा.