पिसांच्या टोपीतला नवरदेव

नवरदेवाची ट्रंक आबासाहेबांनी उघडली आणि लगेच बंद केली. जरा थांबून परत उघडली. आत तेच होतं! लाल अस्तराचा काळा झगा, क्रूस काढलेला पट्टा, म्यानातली तलवार आणि पांढऱ्या पिसांची टोपी.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. पूर्णा स्टेशनावर नवरदेव पंडितची ट्रंक रेल्वेच्या सिक्वेरा गार्डाच्या ट्रंकेशी बदलली होती. सिक्वेरा साहेब एका ख्रिस्ती बंधुमंडळाचे सभासद. हा पोशाख घालून ते सिकंदराबादेत मिरवणुकीला उभे राहणार होते. राणीसावरगावात पोचलेल्या वऱ्हाडाला यातलं काय ठाऊक?

"मामा, हे बँडवाल्याचं हाय," पंडित रडकुंडीला आला. अंगावरच्या धोतराला बैलगाडीचं वंगण लागलेलं.

"मुहूर्त टळायलाय. तलवार हाय न्हवं? मग नवरदेवाचंच हाय. ते धोतर सोड, हे चढव!" आबासाहेब म्हणाले.

पिसांची सावली पुढ्यात हलताच घोडी बुजली आणि मागं मागं चालू लागली. नवरदेव मांडवाला पाठमोरा पोचला. वाटेत एका म्हाताऱ्यानं त्याला नवा तहसीलदार समजून धान्याची लेव्ही माफ करायला सांगितलं. पंडितनं भीतभीत मान हलवली.

मांडवाच्या दारात मुलीचे वडील किशनराव आडवे आले. "ह्या पट्ट्यावर फुली कशाची?"

"नजर लागू नये म्हणून," आबासाहेब म्हणाले. "तुमच्याकडं तीट लावतेत, आमच्याकडं फुली."

अंतरपाट धरला गेला, तोच हमालाकडून वऱ्हाडाचा ठावठिकाणा काढत सिक्वेरा साहेब छकड्यातून उतरले. "थांबा! शपथ घेतल्याबिगर हा पोशाख घालायचा नाय! पाप लागेल. काढा तो!"

"साहेब, आत नुसता लंगोट हाय," पंडित कुजबुजला.

"कसली शपथ?" किशनरावांनी विचारलं.

"खोटं बोलणार नाय. दारूला शिवणार नाय. दुबळ्यावर हात उगारणार नाय."

अंतरपाटापलीकडून नवरी कोकिळा म्हणाली, "मग घेऊ द्या की शपथ. मी थांबते."

पंडितनं तलवार उभी धरून एवढ्या खणखणीत आवाजात शपथ घेतली, की साहेबांचा राग विरघळला. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याची टोपी सरळ केली. अक्षता पडल्या. नवरदेवाला त्याची ट्रंक मिळाली, साहेबांना त्यांची. साहेब पोशाख घडी घालून ठेवणार, एवढ्यात मुलीची आई कस्तुराबाईनं टोपीच धरली.

"साहेब, आता आमच्या ह्यांना घाला."

"बाई, त्यांचं लगीन झालंय!"

"वीस वरसं झाली. शपथ तेवढी राह्यली."

तिच्यामागं बाया उभ्या राहू लागल्या. प्रत्येकीनं आपापल्या नवऱ्याचं मनगट घट्ट पकडलेलं. सिकंदराबादची गाडी केव्हाच निघून गेली होती. साहेब घाम पुशीत एकेकाला झगा चढवत होते, शपथ सांगत होते, झगा उतरवत होते. दारूच्या वाक्याला पुष्कळांना खोकला यायचा. बाया ते वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या.

कस्तुराबाईचा नंबर पहिला असूनही खोळंबला होता. दोघी-तिघी मिळून कडब्याच्या गंजीतून बाहेर आलेले दोन पाय ओढत होत्या, आणि आतून किशनराव ओरडत होते, "सोडा! मी जेवणाचं बघायलोय!"