सातव्याबद्दल मत

लाखनी तालुक्यात न्यू-मेटल संगीत कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल वीरेंद्र गिऱ्हेपुंजेच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका घेणारंही कोणी नव्हतं, कारण तालुक्यात ते संगीत दुसरं कोणी ऐकतच नव्हतं.

वीरेंद्रचं हायवेच्या सर्व्हिस रोडला चष्म्याचं दुकान. डोळे तपासून नंबर काढून द्यायचा, म्हणून गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. वय त्रेचाळीस, पोट सुटलेलं, बोलणं मवाळ. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी नागपूरच्या होस्टेलात एका रूममेटनं त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि 'फोर्थ बेसमेंट' नावाचा अमेरिकन बँड त्याच्या डोक्यात जो घुसला, तो परत निघालाच नाही. गिटारी अशा वाजणार, जणू राइस मिल चालू झाली. गाणारा अर्धा वेळ भराभरा बोलणार, अर्धा वेळ ओरडणार, आणि मधेच एकदम इतकं गोड गाणार की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं. वीरेंद्रची बायको रिता या सगळ्याला एका शब्दात भांडण म्हणायची. "ते भांडण बंद करा अन् जेवाले या."

बोलायला कोणी नाही म्हणून वीरेंद्र लिहायचा. मोबाइलवर एक ॲप होतं. तिथे जगभरचे श्रोते अल्बमवर आपलं मत लिहीत आणि एक ते पाच तारे देत. तिथे वीरेंद्रचं नाव 'लाखनी का शेर'. दुकानात गिऱ्हाइकाला "बसा जी, बसा" म्हणणारा हा माणूस तिथे इंग्रजीतून असा गुरगुरायचा, की बँडवाल्यांनी वाचलं असतं तर गिटारी विकून धान लावला असता.

अकरा वर्षांनी फोर्थ बेसमेंटचा नवा अल्बम आला. बारा गाणी. वीरेंद्रनं सकाळी दुकान उघडलं, अगरबत्ती लावली, हेडफोन चढवला. दोन गाणी झाली. तिसरं अर्ध्यावर असताना श्यामराव आले. श्यामराव रिटायर पोस्टमन. चष्मा उशाशी ठेवायचे आणि त्याच्यावरच झोपायचे. त्यांच्या चष्म्याची काडी बसवली, तर दुसरं गिऱ्हाईक, मग तिसरं. अल्बम तिथेच राहिला. पण तिकडे जगानं मतं लिहायला सुरुवात केली होती आणि शेर मागे राहणं शक्य नव्हतं. दुपारी त्यानं लिहून टाकलं, 'चारदा ऐकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नुसतं म्हातारपण ऐकू येतं. एक तारा, तोही जुन्या ओळखीखातर.'

संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा लोकांनी त्या मताला पसंतीचा अंगठा दिला. घरी जाताना वीरेंद्रला आपली उंची वाढल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी 'बहरा बादशाह' नावाच्या कोणा माणसानं खाली विचारलं, 'सातवं गाणं ऐकलं का?'

आता ज्यानं तिसरंही पुरतं ऐकलेलं नाही, त्यानं सातव्यावर काय बोलावं? पण वीरेंद्रनं लिहिलं, 'सातव्यात काही दम नाही.'

'काय कमी आहे ते सांगा.'

'ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही. तुम्ही वरातीचा बँड ऐका.'

यावर लोक खूप हसले. बादशाह मात्र हटेना. आठ दिवस रोज एकच विचारणा, सातव्यात काय कमी आहे. आणि वीरेंद्रनं आठ दिवसांत एवढं केलं नाही की चार मिनिटं काढून ते गाणं ऐकावं. ऐकलं आणि चांगलं निघालं तर काय करायचं, ही भीती होती. गुरुवारी सकाळी साडेअकराला त्यानं शेवटचा वार केला, 'हिंमत असेल तर लाखनीला ये, जिल्हा भंडारा. कसं ऐकायचं ते शिकवतो.' हे त्यानं निर्धास्तपणे लिहिलं. ज्याची इंग्रजी इतकी साफ, तो बेंगलोरला एसीत बसलेला असणार.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. मराठीत.

'साकोलीत नाश्ता करून राहिलो. ट्रक घेऊन नागपूरले चाललो. अर्ध्या तासात लाखनीत पोचतो. चष्म्याचं दुकान ना?'

वीरेंद्रनं ते तीनदा वाचलं. एकदा चष्मा काढून वाचलं. प्रत्येक वेळी 'ट्रक' हा शब्द आधीपेक्षा मोठा दिसला. याला दुकान कसं माहीत? मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी आपणच कुठेतरी फुशारकीनं लिहिलं होतं की मी माझ्या चष्म्याच्या दुकानात बसून ऐकतो. लाखनीत यापेक्षा जास्त पत्ता लागत नाही.

आधी वाटलं, शटर ओढावं. अर्धं ओढलंही. तेवढ्यात त्याच्याखालून वाकून श्यामराव आत आले.

"काहून बंद करून राहिले डॉक्टर? कोणी गेलं काय?"

"नाई जी, कोणी नाई गेलं."

"मंग बसतो. काडी ढिली झाली."

श्यामराव बसले म्हणजे तासभर बसले. वीरेंद्रनं मोबाइल उचलला. अजून पंचवीस मिनिटं होती. निदान सातवं गाणं तरी ऐकून घ्यावं. त्यानं ते लावलं. नेटवर्कचं चाक फिरत राहिलं. फिरता फिरता वीस सेकंद काहीतरी वाजलं आणि श्यामराव म्हणाले, "पंखा आवाज करून राहिला तुमचा." पुन्हा चाक.

मग त्यानं शेजारचा परसराम गाठला. परसरामची चहाची टपरी, आणि परसरामला सांगितलेली गोष्ट लाखनीभर पोचायला एक उकळी पुरे. पण दुसरं जवळ कोणी नव्हतं.

"परसरामभाऊ, एक ट्रकवाला येऊन राहिला. माझ्यासंगं जरा वाद झाला त्याचा."

"कायचा वाद?"

गाण्यावरून, असं सांगायला वीरेंद्रची जीभ वळेना. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, गावात डॉक्टर. तो म्हणाला, "मताचा प्रश्न आहे. मी माझं मत दिलं, ते त्याले झोंबलं."

निवडणूक तोंडावर आली होती. परसरामनं गाळणी खाली ठेवली. "कोणाले दिलं मत?"

"दिलं म्हणजे... विरोधात दिलं."

"अन् त्याच्यासाठी ट्रक भरून येऊन राहिले?"

"भरून म्हणजे, त्याच्यात काय भरलं ते मले माहीत नाई."

परसरामला एवढं पुरेसं होतं. पाच मिनिटांत टपरीसमोर सहा माणसं होती, दहा मिनिटांत चौदा. कोणी म्हणे दोन ट्रक आहेत. कोणी म्हणे डॉक्टरचं नाव मतदार यादीतून काढणार आहेत. वीरेंद्र काउंटरमागे बसून श्यामरावांची काडी चौथ्यांदा घट्ट करत होता आणि साकोलीच्या बाजूनं हॉर्न वाजला की स्क्रू आणखी पिळत होता. परसरामनं रितालाही फोन केला. काय सांगितलं कोण जाणे, पण तिनं कुकर गॅसवरून उतरवला आणि स्कूटी काढली.

बारा वाजून पाच मिनिटांनी सळ्या भरलेला बारा चाकी ट्रक सर्व्हिस रोडला उतरला आणि दुकानासमोर थांबला. दार उघडलं. चौदा माणसं एक पाऊल मागे सरली. खाली उतरला तो तिशीचा, सडपातळ, गळ्यात दुपट्टा, डोळ्यांवर जाड चष्मा. एकटाच.

"लाखनी का शेर कोण हाय जी?"

वीरेंद्रनं नजर काचा तपासायच्या मशीनमध्ये खुपसली.

परसराम पुढे झाला. "मताचं जे काय असन, ते आमच्यासंगं बोल."

"तुमच्यासंगं बोलतो. मी कैलाश, बपेऱ्याचा. मले एवढंच सांगा, पुरं ऐकून न घेता मत द्यावं काय?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस रास्त बोलत होता.

"नाई द्यावं," परसराम म्हणाला.

"मंग यायनं सातव्याबद्दल जे लिहिलं, ते बरोबर हाय काय?"

"सातव्याबद्दल?" परसरामचा आवाज बदलला. तो वार्ड नंबर सातमध्ये राहायचा. चौदातले नऊ जण तिथलेच. "काय लिहिलं सातव्याबद्दल?"

"सातव्यात काही दम नाई म्हणते. इंग्रजीत लिहून जगाले सांगितलं. दोनशे लोकं हासले."

आता चौदाही माणसं दुकानाकडे वळली. आतापर्यंत ती वीरेंद्रला वाचवायला उभी होती, हे क्षणात मागे पडलं.

"काय जी डॉक्टर," परसराम हळू आवाजात म्हणाला, आणि तो हळू आवाज फार वाईट होता. "सातव्यात आमी राहतो. काय कमी दिसलं तुमाले?"

"अरे, ते सातवं नव्हे..."

"मंग कोणतं सातवं? लाखनीत किती सातवे हाय?"

वीरेंद्रनं समोर पाहिलं. दारात वार्ड सात. वार्ड सातच्या मागे ट्रक. खरं सांगावं तर गाण्याची गोष्ट उघडी पडते, आणि ती सांगितली तरी पटणार कोणाला? त्यानं श्यामरावांचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, काउंटरखालून वाकून बाहेर आला, गर्दीतून वाट काढली आणि कैलाशला म्हणाला, "चाला, गाडीत बसून बोलू."

तो स्वतःहून ट्रकमध्ये चढला. मोबाइल काउंटरवरच राहिला. मागून दुसऱ्या गाडीनं हॉर्न दिला म्हणून कैलाशनं गिअर टाकला आणि ट्रक हलला. त्याच वेळी रिताची स्कूटी कोपऱ्यावर आली. तिनं पाहिलं ते एवढंच, की आपला नवरा उंच ट्रकच्या खिडकीत पांढराफटक बसलेला आहे आणि ट्रक भंडाऱ्याकडे चालला आहे.

"मले कुठं नेऊन राहिले?" वीरेंद्रनं विचारलं.

"कुठं नाई. रस्त्यात ऐकू. पयल्यापासून लावतो. मधातून सातवं लावलं तर त्याची मजा येत नाई."

कैलाशनं स्टीरिओ चालू केला. केबिनमध्ये राइस मिल सुरू झाली. पहिलं गाणं वीरेंद्रनं मान हलवत ऐकलं, दुसरंही. तिसऱ्याच्या अर्ध्यापर्यंत तो सराईतासारखा मांडीवर ठेका धरून होता. मग तो भाग आला जिथे श्यामराव आले होते. पुढचं सगळं नवीन. ठेका चुकला. कैलाशनं रस्त्यावरची नजर न हलवता ते हेरलं.

चौथं सुरू झालं तेव्हा तो म्हणाला, "हे पयल्यांदाच ऐकून राहिले ना भाऊ?"

वीरेंद्रनं खिडकीबाहेर पाहिलं. गडेगाव मागे गेलं होतं.

"हो," तो म्हणाला.

आता हा गाडी थांबवून आपल्याला खाली उतरवणार, असं त्याला वाटलं. कैलाशनं फक्त मान हलवली. पाचवं झालं, सहावं झालं. मग तो म्हणाला, "मले राग तुमच्या एका ताऱ्याचा नाई आला. चार वर्षांपासून मी तुमचं लिहिलेलं वाचतो. त्या नावात लाखनी होतं म्हणून. बपेऱ्यात हे मी एकटाच ऐकतो. वाटलं, जिल्ह्यात आणखीन कोणीतरी हाय. मंग मी पयल्यांदा काही लिहिलं, तर तुमी मले वरातीचा बँड ऐकाले सांगितलं."

तेवढ्यात सातवं सुरू झालं.

त्यात राइस मिल नव्हती. ओरडणं नव्हतं. एक गिटार आणि तो गाणारा, आवाजाला जरा वय झालेलं. मुलगा बापाला फोन लावतो, बाप उचलतो, आणि दोघंही काही न बोलता एकमेकांचा श्वास ऐकतात, एवढीच गोष्ट.

"माझा बाप असाच हाय," कैलाश म्हणाला. "रोज फोन लावतो. तो म्हणते, कुठं आहेस. मी म्हणतो, देवरी. तो म्हणते, बरं. झालं."

आपण आठ दिवस कशाला नावं ठेवत होतो, हे वीरेंद्रला आत्ता कळत होतं. गाणं शेवटच्या ओळीला आलं आणि बाहेर हॉर्न वाजायला लागला. तुटक, चिडका, थांबायचं नाव न घेणारा. कारध्याजवळ, वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे, रितानं स्कूटी ट्रकच्या पुढे घातली आणि हात आडवा केला.

कैलाशनं ट्रक कडेला घेतला. रितानं वर पाहिलं. ओढणीनं बांधलेल्या चेहऱ्यात फक्त डोळे दिसत होते, आणि ते रडलेले होते.

"उतरा खाली," ती म्हणाली. मग कैलाशला, "काय केलं यायनं तुमचं?"

"काई नाई जी वहिनी. गाणं ऐकून राहिलो होतो."

केबिनमधून अजून शेवटचे सूर येत होते. रितानं क्षणभर कान दिला. "हे भांडण नाई वाटत," ती म्हणाली. "हे बरं हाय." आणि मग वीरेंद्रला, "बसा मागं. कुकर तसाच ठेवून आली मी."

कैलाश हसला. "आठव्यापासून पुढं घरी ऐका भाऊ. अन् मंग लिहा, पण खरं लिहा."

वीस किलोमीटर स्कूटीच्या मागच्या सीटवर बसून वीरेंद्रनं मनाशी पक्कं ठरवलं, की यापुढे जे ऐकलं तेवढंच बोलायचं. त्या संध्याकाळी ॲपवर त्यानं खरोखरच लिहिलं, की आपण अडीच गाणी ऐकून मत दिलं होतं. दोनशे चौदातल्या दोनशे तीन लोकांनी तासाभरात आपला अंगठा परत घेतला. पण ते नंतर.

आधी दुकान आलं. समोर वार्ड सात उभाच होता, आता पंचवीस-तीस माणसांचा. श्यामराव खुर्चीवरून उठले नव्हते. परसरामनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "डॉक्टर, एकदा सांगून टाका. सातव्याबद्दल आता काय मत हाय?"

वीरेंद्र स्कूटीवरून उतरला. त्याच्या कानात अजून ते गाणं वाजत होतं.

"सातव्यासारखं दुसरं नाई परसरामभाऊ," तो मनापासून म्हणाला. "मीच नीट पाहिलं नव्हतं. चूक माझी."

माणसं खूश झाली. परसरामनं लगेच सगळ्यांना चहा सांगितला. तेवढ्यात गर्दीच्या मागून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला.

"अन् आठव्याचं काय जी?"

वीरेंद्रनं खोटं न बोलायचं ठरवून पंचवीस मिनिटंही झाली नव्हती. "आठवं राहूनच गेलं बाबा," तो म्हणाला. "आठवं मी अजून ऐकलंच नाई."

"तेच तर सांगून राहिलो," म्हातारा म्हणाला. "आमचं कोणीच ऐकत नाई."