वाफेचं गणित

"शास्त्राला वास नसतो, पोरांनो. वास येतो तो शंकेला." पहिल्याच तासाला नेमत दोमला, म्हणजे नेमत मास्तर, असं म्हणाले होते. चार वर्षं झाली, तरी मुअत्तरच्या कानात तो आवाज तसाच होता.

फरगान्याच्या त्या संस्थेत रसायन अभियांत्रिकी फार काटेकोर शिकवतात. यंत्रं नाहीत. (एक आहे, त्यात कबुतरं नांदतात, त्यांना उठवायचं कसं?) म्हणून सगळं शास्त्र पुलावाच्या कढईत शिकवलं जातं. कांदा म्हणजे अभिक्रिया, तांदूळ म्हणजे शोषण, मटण म्हणजे परीक्षक मंडळ. शेवटच्या परीक्षेला विद्यार्थ्यानं पुलाव रांधायचा, मंडळानं जेवायचा, मग सही. इतकी स्वच्छ पद्धत दुसरीकडे नसेल.

झाकण लावल्यावर सत्तर मिनिटं उघडायचं नाही, हे गणित संस्थेच्या थोरल्या कढईचं. ती कढई एका लग्नाला गेली आणि नव्या नवरीसारखी तिकडचीच झाली. तिच्या जागी धाकटी आली. गणित तेच राहिलं; शास्त्र काय कढईगणिक बदलायचं?

मुअत्तरच्या परीक्षेत अर्ध्या वाटेतच वास सुटला. खताच्या कारखान्यातली नोकरी या पदवीवर अडलेली, आणि बापानं अख्ख्या मोहल्ल्याला जेवणाचं सांगून ठेवलेलं.

"दोमला, झाकण जरा…"

"सूत्र काय सांगतं, पोरी?"

"सत्तर."

"मग नाकाला कशाला विचारतेस?"

"गप ना, बाई!" मागून वर्गातला शवकत कुजबुजला. "आमच्या दादानं उघडलं होतं. आता टॅक्सी चालवतो."

मुअत्तर गप्प बसली. (वास वाचकालाही आला असेल. तोही गप्प बसला. तोही उत्तीर्ण.)

मंडळ एका थाळ्याभोवती बसलं. अध्यक्ष त्याच कारखान्याचे मुख्य अभियंता. दाताखाली कुर्रकन वाजलेलं गिळून ते म्हणाले, "काय रंग धरलाय! आमच्या वेळीही अस्साच व्हायचा. कारखान्यातही आम्ही हेच गणित चालवतो." आणि सहीसाठी त्यांनी पेन काढलं.

कारखाना मोहल्ल्याला लागूनच होता.

"साहेब, करपलाय," मुअत्तर म्हणाली. "सगळाच्या सगळा."

पेन थांबलं. सगळे घास हातातच राहिले. नेमत दोमलांनी चहाची वाटी खाली ठेवली, मिशीवरचं काळं शीत पुसलं आणि लहान मुलासारखं हळूच म्हणाले,

"इतकी वर्षं मला वाटायचं, फक्त मलाच तसा लागतो."