बिनगळाचा दोरा

आमचे भासरे रोज तलावावर मासे धरायला जातात, पण त्यांच्या दोऱ्याच्या टोकाला गळ नसतो.

काठी असते, दोरा असतो, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी असते. टोकाला झिंगा नाहीतर पिठाची गोळी बांधलेली असते. नुसती बांधलेली. मासा येतो, खातो, निघून जातो. काडी बुडाली की भासरे एक बोट वर करतात, म्हणजे साऱ्यांनी गप्प बसायचं. साऱ्यांनी म्हणजे बगळ्यांनी. दुसरं तिथं कोणी नसतं.

कोणी विचारलं, "डोमाभाऊ, गळ काऊन नाई लावत जी?" तर उत्तर ठरलेलं. "गळ लावला का मासा एक दिस जेवते. नाई लावला त रोज जेवते. मले त्याची येळ पाहाची हाये."

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नसतं, त्याच्या समोर बसायचं नसतं, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नसतो. आताच्या मुली हे पाळत नाहीत. भासऱ्याला मोबाईलवर फोटो पाठवतात. पण मी लग्न होऊन आले तेव्हा पाळलं, आणि एकदा पाळलेलं मोडायला जो धीर लागतो तो माझ्यात नव्हता. भासऱ्यांच्यातही नव्हता. ते माझ्याहून लाजाळू.

म्हणून आमच्या घरात मांजर होती.

"मने, आज चाहात साखर नाई." मी साखरेचा डबा मांजरीजवळ सरकवायची. "मने, मी चिचगडच्या बाजाराले जाऊन राहिलो. काई आनाचं हाये का?" मी चुलीकडे तोंड करून म्हणायची, "मने, मीठ सरलं." मांजर एकदा इकडे पाहायची, एकदा तिकडे. दोघांचंही मुकाट्याने ऐकून घ्यायची. तिच्या वाट्याला ना साखर आली ना मीठ.

मांजर घरात नसली की पंचाईत. भासरे तिच्याशिवाय बोलत नसत म्हणजे नसत. एकदा मी टोपली घेऊन शेण काढायला कोठ्याकडे निघाले, तर भासरे कोठ्यातून धावत बाहेर आले आणि माझ्या बाजूने निघून गेले. "मने! मने वं! कुठं मेली?" मी टोपली घेऊन तशीच उभी. घराला फेरी मारून त्यांनी शेजारच्या सगुणाबाईच्या बाजेखालून मांजर ओढून काढली, बगलेत धरून आणली आणि धापा टाकत तिला म्हणाले, "मने, कोठ्यात जाऊ नोको. साप हाये."

तोवर साप आपल्या वाटेने गेला होता. सगुणाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. "साप मनीले डसनार होता का जी, भाऊ?"

भासऱ्यांनी मांजर खाली सोडली. काठी घेऊन तलावावर निघून गेले.

तलाव आमच्या गावाला लागून आहे, जुना, मालगुजारीच्या काळचा. मासेमारीचा ठेका सोसायटीकडे. सोसायटीची माणसं डोंगा घेऊन जाळी टाकायला येतात. भासऱ्यांना ती अडवत नाहीत. उलट म्हणतात, "भाऊ, आमी मासे धरतो, तुमी त्यायले जेवन वाढता. वाढा वाढा. मोठे होऊ द्या."

भासऱ्यांचं म्हणणं असं, की मासा धरणं ही हलकी गोष्ट. तो कधी जेवतो आणि कुठे जेवतो, हे कळायला जन्म पुरत नाही. रोहू सकाळी पाळीच्या म्हणजे तलावाच्या बांधाच्या कडेने चरतो. मरळ दुपार कलली की तुडुमाजवळ येते, जिथून शेताला पाणी सोडतात तिथे, बेशरमाच्या झुडपाच्या सावलीत. ढगाळ असलं तर येत नाही. वारा पडला तर उशिरा येते. पाण्यावर माणसाची सावली पडली तर त्या दिवशी उपाशी राहील, पण येणार नाही. "मासा आधी चारा नाई पाहत," ते म्हणत. "आधी भेव कुठं नाई ते पाहाते. जिथं भेव नाई तिथं त्याचं ताट."

एवढं सगळं ठाऊक असून मासा काही घरी येत नसे. एकदा माझा भाऊ पाहुणा आला. भासऱ्यांनी मांजरीला सांगितलं, मसाला वाटून ठेव, आज मरळ आणतो. त्या दिवशी गळ लावून गेले. मी पाट्यावर मसाला वाटला. दिवस बुडता हात हलवत आले. "मने, आज त्याचा उपास हाये."

पाहुण्याला त्या मसाल्यात वांगं घालून वाढलं.

माशांच्या जेवणाची इतकी काळजी वाहणारा हा माणूस स्वतः कधी जेवतो ते मात्र घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मी त्यांचं ताट वाढून टोपलीखाली झाकून ठेवायची. नंतर पाहावं तर ताट धुऊन उपडं घातलेलं. जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझी जाऊ माझ्या लग्नाच्या आधीच वारली. तेव्हापासून ते असेच जेवतात, असं सासूबाई सांगायच्या.

दोन वर्षांमागे धानकापणीच्या दिवसांत सासूबाई अंगणात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. देवरीच्या दवाखान्यात नेलं, आणलं. त्यांची बाज समोरच्या उघड्या सपरीत टाकली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येईल, टीव्ही दिसेल. आणि बाजेवर पडल्या त्या दिवसापासून त्यांनी जेवणच सोडलं.

घास तोंडाशी नेला की ओठ मिटायच्या. भात नको, पेज नको, दुधात कुस्करलेली पोळी नको. डॉक्टर म्हणाले, पोटात काही बिघाड नाही, पण अशाच राहिल्या तर हाड जुळायच्या आधी बाईच जायची. बघायला येणाऱ्या बायका बाजेभोवती उभ्या राहायच्या. "खा न वं माय. दोन घास खा." सासूबाई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. दंड सुतळीसारखे झाले होते.

माझं सांगायचं तर, मी थकून गेले होते. पहाटे उठून धानाच्या बांधीवर, तिथून येऊन सासूबाईंचं अंग पुसणं, कपडे धुणं, पेज शिजवणं, ती पेज परत आणून ढोरांच्या घमेल्यात ओतणं. पुन्हा शिजवणं. माझे मालक गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला, आठवड्याने येतात. फोनवर म्हणायचे, "अगं, जबरदस्ती कर थोडी. खाती कैसे नहीं?" मी फोन बाजेवर ठेवून द्यायची. मी स्वतः कधी खायची, काय खायची, याचं मलाही भान नव्हतं. उभ्याने, भांडं खरवडून, नाहीतर नाहीच.

भासऱ्यांनी आधी चारा बदलून पाहिला. चिचगडच्या बाजारातून सुकसी आणली. सुकसी म्हणजे वाळवलेली बारीक मासोळी. निखाऱ्यावर भाजून, लसूण-मिरची घालून स्वतः ठेचली. वास साऱ्या आळीला गेला. सगुणाबाईची तीन मांजरं आमच्या दारात येऊन बसली. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"मने, चारा बराबर हाये," भासरे म्हणाले. "जागा चुकून राहिली."

दुसऱ्या दिवशी ते तलावावर गेले नाहीत. सपरीच्या कोपऱ्यात पोतं टाकून बसले, आईकडे पाठ करून. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. हलत नव्हते, बोलत नव्हते, विडीसुद्धा पेटवत नव्हते. सगुणाबाई आली, तिने पाहिलं आणि बाहेर जाऊन साऱ्या आळीला सांगितलं, "डोमाभाऊ मायवर दोरा टाकून बसले हायेत वं!"

मला हसू आलं नाही. मला राग आला. इथे माझे हात मोडून पडायची वेळ, आणि हा माणूस भिंतीकडे पाहत बसलाय.

काही दिवसांनी दुपारी मी मागच्या पडवीत भांडी घासत होते. भासरे मांजर घेऊन आले आणि पडवीच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे उभे राहिले. इतकं लांबलचक ते मांजरीशी कधी बोलले नव्हते.

"मने, आयक. माय समोर नाई जेवनार. उभ्या जल्मात ते सपरीत जेवली नाई. सारे जेवून उठत, तवा ते मांगच्या पडवीत, चुलीजवळ, आमच्याकडं पाठ करून जेवे. आमी तिले खाताना पाहिलं नाई कधी. आता साऱ्या गावाची सावली तिच्या ताटात पडून राहिली. ते कशी खाईल? मी पाहून राहिलो न. दुपारी घरातला आवाज बंद झाला का ते मांगच्या दाराकडं कान देते. तिची येळ ते हाये. तिचं ताट इथं हाये."

मग मांजर दुसऱ्या बगलेत घेऊन म्हणाले, "आन् खा म्हनजो नोको. भरवजो नोको. ताट ठेवजो, तिच्याकडं पाठ करजो, आन् आपलं जेवजो. कोनी बाजूले जेवून राहिलं त भेव जाते. आपलं ताट भरून घेजो. खोटं खोटं नाई. त्यायले समजते."

आम्ही बाज उचलून मागच्या पडवीत आणली. एका बाजूने मी, एका बाजूने सगुणाबाई. भासरे हात लावायला पुढे आले, पण मी होते म्हणून मागे सरले.

त्या दुपारी भासऱ्यांचं ताट झाकून ठेवलं, ढोरांना पाणी दाखवलं, समोरचं दार लोटून घेतलं. मग भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण एका ताटात वाढून बाजेच्या कडेला, सासूबाईंच्या हाताशी ठेवलं. वर थोडी सुकसीची चटणी. दुसरं ताट माझं. चुलीकडे तोंड करून मी खाली बसले. किती दिवसांनी बसून जेवत होते कोण जाणे.  माझे सारे कान पाठीला लागले होते.

बराच वेळ काही नाही. कोंबड्या अंगणात टोचत होत्या.

मग ताट थोडं सरकल्याचा आवाज आला. मग बांगडी ताटाला लागली.

मी वळून पाहणार, तेवढ्यात भिंतीवरून एक बोट वर आलेलं दिसलं. भासरे भिंतीपलीकडे बसलेले, फक्त हात वर. सगुणाबाई दारात तोंड उघडून उभी होती, तिनेही ते मिटलं. माझ्यामागे सासूबाई चावत होत्या. दात नव्हते, म्हणून हळूहळू, मचमच. मी न वळता माझा भात खाल्ला. डोळ्यांतलं पाणी वरणात पडत होतं, तरी खाल्ला, कारण मी थांबले तर त्या थांबतील असं वाटलं.

त्या दिवसापासून रोज तसंच. मी ताट घेऊन बसले की सासूबाई जेवायच्या. मी कंटाळून उशीर केला की त्याही थांबायच्या. मला बसावंच लागे, पोटभर खावंच लागे. सगुणाबाई म्हणाली, "बुढीच्या नावानं तूच भरली वं." आरशात पाहिलं तर खरंच गालावर थोडं मांस आलं होतं. त्या गोष्टीचा मी तेव्हा फार विचार केला नाही. कामं पडली होती.

हाड जुळलं नाही पुरतं, पण सासूबाई काठी धरून मोरीपर्यंत जाऊ लागल्या. दीड वर्ष जगल्या. या उन्हाळ्यात गेल्या, झोपेत, जेवून. त्यांच्या मागोमाग मनीही गेली. म्हातारीच झाली होती. भासऱ्यांनी तिला तलावाच्या पाळीला पुरलं.

मग घरात बोलणंच राहिलं नाही. भासरे सकाळी दोरा घेऊन जात, संध्याकाळी येत. चहात साखर नसली तरी तसाच पीत. मी पुन्हा उभ्याने खायला लागले. मागच्या पडवीत बसायचं कोणासाठी? दुपारी अंग टाकावं वाटे. भूकही लागत नसे.

परवा दुपारी भिंतीपलीकडे खोकल्याचा आवाज आला. भासरे अवेळी तलावावरून परतले होते. मरळीची वेळ सोडून. मी पदर सारखा केला. ते भिंतीवरून इकडेतिकडे पाहत होते. सवयीने मांजर शोधत होते. बाजेखाली पाहिलं, चुलीमागे पाहिलं. मला वाटलं, आता जातील.

विहिरीकडे तोंड करून ते म्हणाले, "जेवली का?"

अंगणात कोंबडीसुद्धा नव्हती.

मी नुसती नाही म्हणून मान हलवली, पण त्यांची पाठ होती, त्यांना कुठून दिसणार. ते तिथेच उभे राहिले. गेले नाहीत.

मी उठले. दोन ताटं वाढली. एक भिंतीवर ठेवलं, त्यांच्या बाजूला सरकवून. खा म्हटलं नाही. दुसरं घेऊन चुलीकडे तोंड करून बसले आणि जेवायला लागले.

बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडे ताट सरकलं.