छातीवरच्या सहा चांदण्या

बिरजूला इंग्रजी येतं, हे कोसमटोल्यात सगळ्यांना माहीत होतं. फक्त इंग्रजीला माहीत नव्हतं.

शिकारीला येणाऱ्या साहेबांच्या कॅम्पात तो दोन-तीन हिवाळे पाणी भरायला होता. "वॉटर" म्हटलं की पाणी, "टी" म्हटलं की चहा, आणि याहून जास्त काही म्हटलं की मान हलवायची. एवढ्या भांडवलावर गडी गावात येऊन सांगे, "बोलणं त सोडा, आपुन वाचतो बी!" आता त्याला पारखणार कोण? चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तरी शाळा काही कोसमटोल्यापर्यंत आली नव्हती.

त्या हिवाळ्यात एक परदेशी साहेब आपल्या दोन मुलांना घेऊन शिकारीला आला. वाघ काही मिळाला नाही. तंबू उठले तेव्हा मुलांनी आपली दोन चित्रांची पुस्तकं तिथंच टाकून दिली. एक बिरजूनं उचललं. दुसरं उचललं झाडूनं. हा झाडू नदीपलीकडच्या गावचा, वाघ उठवायच्या हाकाऱ्यात ढोल वाजवायला आलेला, आणि एरवी मध काढण्यात पटाईत. त्याचा मुलगा इसरू बिरजूच्या मंगलीला पसंत होता. मंगलीला एखादी गोष्ट पसंत पडली की ती झालीच, असं तिची आई बुधरी म्हणायची. धान मळून झालं की पलीकडची माणसं रीतसर मागणी घालायला येणार होती, आणि लग्नासाठी बिरजूनं एक काळा बोकड पोसून ठेवला होता. त्या बोकडावर त्याचा मंगलीइतकाच जीव होता. मंगलीपेक्षा थोडा जास्त म्हणा, कारण बोकड उलटून बोलत नसे.

तर सांजेला अंगणात बिरजू पुस्तक उघडून बसला. भोवती सगळा गाव.

पुस्तकात सहा पोरंपोरी होत्या, वयानं मंगली-इसरूएवढ्या. एक आभाळात उडत होता, एकीच्या तोंडातून जाळ निघत होता, एकाचा हात वेलासारखा लांब होऊन नदीपल्याड पोचत होता. सगळ्यांचे कपडे लाल, अंगाला घट्ट.

"लंगोट वरून काऊन घातला?" बुधरीनं विचारलं.

"थंडीचा मुलूख व्हय तो," बिरजू म्हणाला. "आतले कपडे आत पुरत नाई."

"आन् यायचे मायबाप कुठी हाय? सारे पोट्टे एका घरात राहून राह्यले."

इथं बिरजू जरा अडखळला. पण गावचा म्हातारा पाटील पत्रू मदतीला धावला. "गोटुल व्हय ते. दिसत नाई का? पोट्टेपोट्टी सांजेला जमतेत, नाचतेत, गावाचं काम करतेत." सगळ्यांना एकदम उलगडा झाला. साहेबाच्या देशातही गोटुल आहे म्हटल्यावर साहेबाबद्दलचं मत पुष्कळच सुधारलं.

मग पत्रूनं डोळे बारीक केले आणि पोरांच्या छातीवर बोट ठेवलं. प्रत्येकाच्या छातीवर पिवळ्या चांदण्या होत्या. त्यानं मोजल्या. सहा.

"सहा देवाचे हाय," तो हळूच म्हणाला. "आपलेच पोट्टे हाय रे."

कोसमटोला हे सहा देव मानणाऱ्यांचं गाव. सहा देववाले सगळे एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात लग्न म्हणजे बहीण-भावाचं लग्न. सोयरीक करायची ती सात देववाल्यांशी, म्हणजे झाडूच्या गावाशी. ही गोष्ट इथल्या पोराला चालता यायच्या आधी कळते. आणि नेमकं पुस्तकाच्या मध्यावर आभाळातून दुसरी टोळी उतरली. हिरवे कपडे, छातीवर सात चांदण्या.

"सोयरे आले!" गाव ओरडला.

सोयरे आले ते सरळ मारामारीलाच भिडले. लालवाल्यानं हिरव्याला डोंगरावर फेकलं, हिरव्यानं डोंगर उचलून लालवाल्यावर फेकला. कारण काय ते पुस्तकात लिहिलेलं असणार, पण बिरजू त्या बाबतीत गप्प राहिला. पत्रू म्हणाला, "सोयरे भेटले का पैले भांडण व्हतेच. मांडवात कधी नाई झालं का?" हेही सगळ्यांना पटलं.

शेवटच्या पानावर एक हिरवी पोरगी आभाळातून खाली पडत होती आणि खालून लाल पोरानं तिला दोन्ही हातांवर अलगद झेललं होतं. तिच्या तोंडाजवळच्या फुग्यात एकच अक्षर आणि पुढं टिंबं. पुस्तक संपलं. सगळा गाव पुस्तकावर वाकला. मंगली तर पार पुढं सरकली होती.

"मंग?" तिनं विचारलं.

बिरजूनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि जे वाचायचं ते वाचलं. "लगीन लागलं," तो म्हणाला.

काय सांगावं! ढोल निघाला. बुधरीनं हळदीची गाणी म्हटली, पत्रू या वयात नाचला. सहा देवाच्या पोराला सात देवाची बायको, तीही साहेबाच्या देशात! त्या रात्री बिरजूचा इंग्रजीवरचा हक्क पक्का झाला.

आता साहेबांच्या पुस्तकांची एक खोड आहे, ती बिरजूला ठाऊक असायचं कारण नव्हतं. एका पुस्तकातली पोरं दुसऱ्या पुस्तकातल्या पोरांना भेटायला जातात तेव्हा गोष्ट निम्मी या पुस्तकात असते आणि निम्मी त्या पुस्तकात. ते दुसरं पुस्तक नदीपलीकडे झाडू वाचत होता. कारण इंग्रजी झाडूलाही येत होतं, बिरजूला येत होतं तितकंच.

मागणीच्या दिवशी पाहुणे आले. झाडू, इसरू, झाडूची आई सोमारी आणि चार-सहा माणसं. सोमारीचा शब्द नदीच्या दोन्ही तीरांवर चालायचा. पाय धुणं झालं, मोहाची दारू पानाच्या द्रोणातून फिरली, सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात पत्रूला मोठेपणा सुचला.

"तुमची एक पोट्टी त आमच्या घरात आलीच हाय," तो सोमारीला म्हणाला. "हिरव्या कपड्याची. आमच्या बिरजूनं वाचून लगीन लावलं."

"कोन्ती हिरवी?" सोमारीनं विचारलं.

बिरजूनं ऐटीत पुस्तक आणून शेवटचं पान दाखवलं. सोमारीनं पाहिलं. झाडूनं पाहिलं. झाडूच्या हातातला द्रोण खाली पडला.

"हे पोट्टी?" झाडू म्हणाला. "अरे बिरजूभाऊ, हे त तुमची व्हय!"

त्यानंही आपलं पुस्तक मिरवायला फडक्यात बांधून आणलं होतं. ते उघडलं. पहिल्याच पानावर तीच पोरगी, तेच केस, तेच डोळे. ती अंगातला हिरवा सदरा ओरबाडून काढत होती आणि खाली होता लाल सदरा. पत्रूनं चांदण्या मोजल्या. मग डोळे चोळून पुन्हा मोजल्या.

सहा.

"भेस घेऊन सोयऱ्यायच्या घरात शिरली व्हती," झाडू म्हणाला. "पुढं भावाले भेटली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमचा सारा गाव रडला ना बापा!"

बुधरीनं तोंडावर पदर घेतला. "मी हळद गायली," ती एवढंच म्हणाली. पत्रू भिंतीला टेकून खाली बसला, नाचलेले पाय त्याला एकाएकी जड झाले.

"भावा-बहिणीचं लगीन लावलं तुमी?" सोमारीचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "आन् वरून ढोल वाजवला? ज्याले पुस्तकातल्या पोट्टीचे देव समजत नाई, त्याचे आपले देव कोनं मोजले? उद्या आमच्याच गोतातली पोट्टी निघाली त आमी काय करावं? उठा रे."

पाहुणे उठले. इसरू उठला नाही, तर त्याला काकानं दंडाला धरून उठवलं. मंगली दारात उभी होती, तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. आपण पोरीचं लग्न लावायला बसलो आणि पुस्तकातलं लग्न लावून हे मोडलं, एवढं बिरजूला कळून चुकलं. त्यानं झाडूला हाताला धरून गोठ्यामागं ओढलं.

"झाडूभाऊ, तुमच्या पुस्तकात अजून काई लिवलं असन. वाचा ना."

"तुमी वाचा. तुमी कॅम्पात व्हते."

"तुमचं पुस्तक हाय. तुमाले सराव हाय."

झाडूनं पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, तिरपं धरलं. "अक्षर जरा जाड वाटून राह्यलं," तो म्हणाला.

बिरजूनं त्याच्याकडे पाहिलं. झाडूनं बिरजूकडे पाहिलं.

"झाडूभाऊ, एक विचारू का?"

"नोका विचारू."

"बरं."

दोघं गोठ्यातल्या काळ्या बोकडाकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात मंगली आली. रडून डोळे सुजले होते, पण हात स्वस्थ बसणारे नव्हते. तिनं झाडूच्या हातून पुस्तक घेतलं आणि भराभरा पानं उलटायला लागली. मधलं एक पान तिच्या बोटांना जाड लागलं.

"मामा, हे दोन पानं चिकटून हायेत."

झाडूनं ओशाळून बोटं धोतराला पुसली. मध काढणाऱ्या माणसाची बोटं ती. जिथं पुस्तक धरलं तिथं मध, आणि हा गडी दोन पानं एक समजून पुढं वाचत गेला होता! मंगलीनं गोठ्याच्या कुडात खोचलेल्या विळ्याच्या टोकानं पानं हलकेच सोडवली. आतलं चित्र बघून तिनं पुस्तक जवळजवळ टाकूनच दिलं.

त्याच पोरीचं पोट कपाटाच्या दारासारखं उघडं होतं. आत रक्त नव्हतं, आतडी नव्हती. आत चाकं, तारा आणि स्प्रिंगा होत्या. समोर लाल पोर डोळे फाडून उभा होता, आणि त्या क्षणी बिरजू आणि झाडूचे चेहरे त्याच्याहून वेगळे नव्हते.

पुस्तक घेऊन तिघं वेशीकडे धावली. पाहुणे परत फिरले, गाव गोळा झाला. पत्रूनं चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "लाकडाच्या डेपोतल्या ट्रकच्या पोटात असंच रायते ना!"

आता बिरजूला वाचा फुटली. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं. "साफ लिवलं हाय. हे पोट्टी नोहे. मशीन हाय. दुश्मनानं बनवून पाठवली."

"साफ लिवलं हाय," झाडूनंही लगेच सांगितलं.

सोमारी वाकली. तिनं चाकं पाहिली, तारा पाहिल्या, छातीवरच्या चांदण्यांवरून अंगठा फिरवला. सगळा गाव त्या अंगठ्याकडे बघत होता.

"मशीनले कोन्ता देव?" ती शेवटी म्हणाली. "देव नाई त गोत नाई. गोत नाई त भाऊ-बहीण नाई. बसा रे."

पाहुणे बसले. इसरू सगळ्यांत आधी बसला. बुधरीनं पदर तोंडावरून काढला, द्रोण पुन्हा फिरले, आणि मागणी झाली. मंगलीनं बापाकडे असं पाहिलं की बिरजूला भरून आलं. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून त्यांना तांदूळ वाहिले गेले. बिरजूनं मिशीवर हात फिरवला. म्हणजे इंग्रजी शाबूत, पोरीचं लग्न शाबूत!

सोमारी मात्र अजून विचार करत होती.

"पन मंग तुमच्या सहा देवाच्या पोट्ट्याचं लगीन कोनासंग लागलं?" ती म्हणाली. "मशीनसंग. गोत नाई, जात नाई. असं लगीन ज्यानं लावलं त्यानं गावाले जेवण द्या लागते. दोनी गावाले. आपली रीत हाय."

"व्हय, रीत हाय," पत्रू म्हणाला. त्याची नजर गोठ्याकडे वळली होती.

बिरजूनं व्याकूळ होऊन नव्या व्याह्याकडे पाहिलं. आता एकच माणूस त्याला वाचवू शकत होता. झाडूनं समजूतदारपणे मान हलवली, पुस्तक उघडलं, शेवटच्या पानावरच्या अक्षरांवर चिकट बोट ठेवलं.

"इथी बी हेच लिवलं हाय," तो म्हणाला. "काळा बोकड."

बिरजूनं ती अक्षरं नीट पाहिली. त्याला इंग्रजी येत होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती.