बारशात अडलेलं नाव

“नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, निरुपमा. नावाने माणसाचं आयुष्य झिजतं.”

सासूबाईंनी हे बजावलं तेव्हा निरुपमाच्या हातावरची मेंदीही उतरली नव्हती. सासूबाई केव्हाच देवाघरी गेल्या, त्यांचा आवाज मात्र देवघरातच राहिला. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, चतुर्थी गणपतीची आणि हे व्रत सातही वारांचं! “आमची जीभ कधी घसरली नाही हो,” असं ती अगदी हळू सांगायची. इतकं हळू, की शेजारच्या ब्लॉकमधल्या बायकांनाही ऐकू जावं!

तसं व्रत सोपंच होतं. नाव होतं ध्रुव. (आपण म्हणायला हरकत नाही.) सासऱ्यांनी पुराणातून शोधून काढलेलं, त्या काळी त्यांच्या ओळखीत एकट्याचंच. बाहेर कुणाच्या कानावर पडायचं नाही आणि घरात ‘अहो’ने भागायचं.

मग काय झालं कोण जाणे, नाव एकाएकी फॅशनमध्ये आलं! एकट्या सोसायटीत तीन ध्रुव झाले. संध्याकाळी खालून कुणीतरी गुजराती आई जेवायला हाक मारायची, “ए ध्रुऽऽव, जमवा चाल!” आणि साठीकडे झुकलेले मूळ ध्रुव ताटावर बोलावल्यासारखे गॅलरीतून डोकवायचे. निरुपमा मुलांना चष्मेवाला, सायकलवाला आणि रडका असं ओळखायची. रडक्याच्या आईने त्यावरून तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

अशात तिच्या धाकट्या भावाकडे, गावातल्याच दांडिया बाजारात राहणाऱ्या पीयूषकडे, नवसासायासाने पाळणा हलला. निरुपमा एकुलती एक आत्या. नाव ठेवायचा मान तिचाच! पण भावजय मालविका नाव कुणाला कळू देईना.

“ताई, ऐन वेळी फक्त तुमच्या कानात सांगेन.”

“सांग गं! असं खणखणीत घेते, की पलीकडच्या घडियाळी पोळ गल्लीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!”

बारसं नेमकं गुरुवारी आलं. निरुपमाचा निर्जळी उपास. पाळण्याभोवती बायकांची दाटी, भिंतीकडेला पुरुषांची पंगत, पंगतीत ‘अहो’ श्रीखंडपुरीशी एकरूप. मालविका पुढे झाली आणि तिच्या कानात पुटपुटली, “ध्रुव.”

नेमकं निरुपमाच्या व्रतातलंच नाव!

ती पाळण्यात वाकली. “कुर्रर्र...” म्हणाली. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. आत्याने नाव घेतलं की धपाटे थांबतात. ही नावच घेईना! “कुर्रर्र... कुर्रर्र...” धप! धप! बाळ तिच्याकडे बघत राहिलं, एवढं लांबलचक नाव आपल्याला पेलेल का अशा चेहऱ्याने.

“शुं नाम पाड्युं, निरुपमाबेन? बोलो ने!” शेजारच्या नीराबेन अधीर झाल्या.

“ते... ह्यांचं...” निरुपमाने पंगतीकडे बोट केलं.

“अरे, पुरी मागताहेत!” बायकांतून कुणीतरी म्हणालं. “उपासाने चक्कर आली बाईंना! साखरपाणी आणा!”

साखरपाण्याचा पेला तोंडाशी आला. “उपास आहे हो!” म्हणून तिने तो ढकलला, तो सगळा नीराबेनच्या रेशमी पटोला साडीवर! त्या गोंधळात तिला वाटलं, खुणेने सांगावं. “आकाशात उत्तरेला असतो बघा... तारा...”

“तारक!” नीराबेनचे यजमान गुणवंतभाई पंगतीतूनच गरजले. “बहु सरस! तारक!” आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी फोनवरून ते शंभर घरी कळवूनही टाकलं. अभिनंदनाचे टिंग टिंग सुरू झाले.

मालविकाचे डोळे भरून आले. “कळलं मला, ताई. आता ते नाव घरोघरी झालंय, म्हणून तुम्हाला सवंग वाटलं. पण दवाखान्यात पडल्यापडल्या मी पोटातल्या बाळाशी त्याच नावाने बोलायचे हो! त्याला दुसरं नाव कळणारच नाही!”

“तसं नाही गं, राणी...” निरुपमाही रडकुंडीला आली. दोघींना पाहून बाळाने भोकाड पसरलं.

आता कोपऱ्यात बसलेल्या माहेरच्या मोहनाकाकू उठून मालविकाकडे वळल्या. “अगं, काय नाव सांगितलंस तू हिला?”

“ध्रुव.”

“कपाळ माझं! तिच्या नवऱ्याचं नाव आहे ते! मी होते की हिच्या लग्नात!”

“जिजाजींचं?” पीयूष डोकं खाजवायला लागला. “मी लहानपणापासून जिजाजीच म्हणतोय. त्यांना वेगळं नाव असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही!”

“बदलून टाका मग,” कुणीतरी सुचवलं. मालविकाने पाळण्याची दोरी घट्ट धरली.

“बदलायचं कशाला?” काकू कडाडल्या. “उखाण्यात घ्यायला कुणाची बंदी आहे? लग्नात सासूनेच घ्यायला लावलं होतं ना? घे!”

निरुपमाने डोळे मिटले, सासूबाईंची मनातल्या मनात परवानगी काढली, पदर सावरला आणि बाळाच्या कानाशी, पण खणखणीत म्हणाली,

“पाळण्याला बांधली मोगऱ्याची माळ,
ध्रुवरावांचं नाव ऐकून हसलं माझं बाळ!”

एकच टाळ्या! बाळ हसलं नाही, पण गप्प झालं. पंगतीत श्रीखंडाचा चमचा तोंडापाशीच थांबला. ‘अहों’चे कान लाल! “पुन्हा एकदा म्हण की,” ते म्हणाले, “मला पहिला भाग नीट ऐकू नाही आला.”

“ध्रुवराव! राजा जेवुं नाम!” राजाला शोभेलसं नाव मिळालं म्हणून नीराबेन ओला पटोला विसरल्या. गुणवंतभाईंनी दुरुस्ती म्हणून सगळ्यांना ‘ध्रुवराव’ कळवलं.

मालविकाने डोळे पुसले, पण तीही काही कमी नव्हती. “ताई, उद्यापासून रोज बाळाला न्हाऊ घालायला याल? पण हाक नावानेच मारायची. मुकी अंघोळ चालायची नाही.”

“येईन. आणि नावानेच,” निरुपमा बोलून गेली. बोलल्यावर लक्षात आलं, अंघोळीत बाळाला एकदाच हाक मारून कुठे भागतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून तिने चपला घातल्या. ओठ हलत होते.

“कसला जप चाललाय?” ‘अहों’नी पेपराआडून विचारलं.

“‘लंगोट’ला यमक सुचतंय का हो काही?” तिने हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरू लागली.